टांगणीला लागलेला जीव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचे एक काम आज तुमच्यापैकी फार थोड्यांना आठवत असेल. या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना अतोनात मागणी होती. झुंजार, काळापहाड या त्यांच्या नायकांची नावे घेतली की आम्हा मुलांचे हात पुढे यायचे. इतक्या हातांतून गेलेले पुस्तक लवकरच खिळखिळे होई आणि सगळ्यांत आधी जाई ते शेवटचे पान. मग गुरुजी तेच पुस्तक दुसऱ्या गावच्या वाचनालयातून मागवून घेत, शेवटचे पान निळ्या शाईने आपल्या टपोऱ्या अक्षरात उतरवून काढत आणि खळीने आपल्या प्रतीला चिकटवून देत. 'एवढा खटाटोप कशाला?' असे मी एकदा त्यांना विचारले होते. ते म्हणाले, 'वाचणाऱ्याला असा मध्येच लोंबकळत ठेवून घरी पाठवायचा नसतो.'

त्यांच्या या वाक्यातच माझा आजचा विषय आहे. कार्यक्रमपत्रिकेवर तो 'सस्पेन्स' असा छापला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण हा शब्द आता आपलाच झाला आहे. 'सस्पेन्स काय ठेवतोस, सांगून टाक की,' असे आपण घरात म्हणतो. 'उमेदवारीचा सस्पेन्स कायम' असे वर्तमानपत्र म्हणते. तरीही या शब्दाच्या पोटात काय आहे ते नीट पाहावे, आणि मराठीने त्यासाठी आधीपासून काय सांभाळून ठेवले आहे तेही पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

मला हा शब्द सिनेमाने शिकवला नाही, पुस्तकानेही नाही. तो आमच्या घरी आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, एका सहकारी बँकेत कारकून होते. एका संध्याकाळी रोकड मोजताना १,८०० रुपये कमी भरले. नानांचा पगार तेव्हा तीनशेच्या घरात होता, म्हणजे ही सहा महिन्यांची कमाई. रात्री उशिरापर्यंत रोजकीर्द आणि खतावणी ताडून पाहिली, तेरीज जुळेना. तेव्हा फरकाची रक्कम सस्पेन्सला टाकली आणि चौथ्या दिवशी नानांना सस्पेंड केले. आई हे दोन्ही शब्द एका दमात शेजारच्या काकूंना सांगत होती. मी दाराआडून ऐकले आणि माझी समजूत अशी झाली की त्या रकमेबरोबर नानांनाही त्याच खात्यात टाकले आहे.

पुढे मोठा झाल्यावर कळले की ही समजूत अगदीच खोटी नव्हती. ज्याला जुन्या जमाखर्चात उचंत खाते म्हणत, ते हे सस्पेन्स खाते. रक्कम आहे हे नक्की असते, ती कोणाच्या नावे लिहायची हे ठरलेले नसते, म्हणून तिला तात्पुरती बसवायला एक जागा करतात. चूक सापडली की ते खाते बंद व्हायचे असते. निलंबनाचेही तसेच आहे. कायद्याच्या लेखी निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी पुरी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवायचे, निम्म्या पगाराच्या आसपास निर्वाह भत्ता द्यायचा, परवानगीवाचून गाव सोडू द्यायचे नाही. तो दोषी नसतो आणि निर्दोषही नसतो. कोणत्या पानावर लिहायचे हे ठरेपर्यंत त्याला एका पानावर ठेवलेले असते.

नाना सकाळी दहाला इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसत. बँकेत जायची वेळ झाली की शरीर आपोआप तयार होई. आईने एक दिवससुद्धा 'आज कुठे जायचंय?' असे विचारले नाही. नानांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाचे लग्न पुढच्याच जिल्ह्यात होते. परवानगीचा अर्ज केला होता, उत्तर आले नाही, आम्ही लग्नाला गेलो नाही.

आता शब्दाकडे येतो. सस्पेन्सचे मूळ लॅटिन. तिथून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. मूळ क्रियापदाचा अर्थ टांगणे, लोंबत ठेवणे. इंग्रजीत तो आधी वावरला कायद्याच्या कागदांत: ज्याची अंमलबजावणी थांबवून ठेवली आहे अशा प्रकरणाबद्दल तो वापरत. कादंबरी-सिनेमाचा एक प्रकार म्हणून त्याला ओळख मिळाली ती विसाव्या शतकात. कचेरी आधी, करमणूक फार नंतर. त्याच घराण्यातले पेंडिंग, डिपेंड आणि पेंड्युलम. पेन्शनसुद्धा त्यातलेच, हे ऐकून मला पहिल्यांदा नवल वाटले होते. पूर्वी नाणे तराजूत तोलून देत आणि तराजू म्हणजे टांगलेली दांडी. म्हणून टांगणे, तोलणे आणि पैसे चुकते करणे ही तिन्ही कामे त्या भाषेत एकमेकांना लागून उभी राहिली. काटा थरथरतो आहे, कुठल्या पारड्याकडे झुकेल ते अजून ठरलेले नाही, हे चित्र त्या शब्दाच्या तळाशी आहे.

आणि आपल्याकडचा संस्कृत 'लम्ब्' हा धातू पाहा. त्याचाही अर्थ लोंबणे, टांगून असणे. विलंब, प्रलंबित, निलंबन, अवलंबून हे सगळे त्याच्याच पोटचे. पेंडिंग म्हणजे प्रलंबित, डिपेंड म्हणजे अवलंबून असणे, सस्पेंड म्हणजे निलंबित करणे. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या या दोन भाषांनी उशीर, आधार आणि अनिश्चितता या तिन्हींसाठी एकच दोरी वापरली. मराठीतला साधा 'लांब' शब्दही तिथलाच, म्हणून एखादे काम लांबणीवर पडते. रोजच्या बोलण्यातल्या या शब्दांत एवढे नाते लपलेले आहे हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आले, त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.

मराठीने याच्याही पुढे एक पाऊल टाकले आहे. आपण म्हणतो, जीव टांगणीला लागला. मन टांगणीला लागले किंवा विचार टांगणीला लागला असे कोणी म्हणत नाही. लागतो तो जीव. आणि हाच जीव आपण कोणाला तरी लावतोही. जीव लावणे म्हणजे माया करणे. आता ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा: त्याला जीव लावला, त्याच्यासाठी जीव टांगणीला लागला. ज्याला जीव लावलेला नाही त्याच्यासाठी तो टांगणीला लागतच नाही. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बाकीचे व्याख्यान म्हणजे त्याचे दाखले.

'उत्कंठा' हा शब्दही याच बाजूने साक्ष देतो. हल्ली सामन्यांच्या बातम्यांत 'उत्कंठावर्धक' इतक्यांदा येतो की तो गुळगुळीत झाला आहे. पण उत् म्हणजे वर आणि कंठ म्हणजे गळा. गर्दीत मागे उभा असलेला माणूस मान उंच करून वाटेकडे पाहतो, तशी ही उंचावलेली मान आहे. संस्कृतात उत्कंठेचा अर्थ प्रियजनाची ओढ असा होता. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी एक विरहोत्कंठिता आहे: तो येणार होता, आला नाही, का आला नाही हे कळत नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतली, कावळ्याला शकुन विचारणारी ती बाई आठवा. तिच्यापुढे कोडे कसलेही नाही. तो कोण हे तिला पक्के ठाऊक आहे. उशीर तेवढा आहे, आणि ओढ आहे.

मग आपण सस्पेन्सचे मराठी 'रहस्य' असे का केले? सस्पेन्स सिनेमा म्हणजे रहस्यपट, सस्पेन्स कादंबरी म्हणजे रहस्यकथा असे आपण सरसकट लिहितो. मला ही अदलाबदल खटकते. रहस्य 'रहस्'पासून आले, म्हणजे एकांत, आडोशाची जागा. रहस्य वाचकापासून काहीतरी लपवते. खून कोणी केला हे लेखकाला माहीत असते, आपल्याला नसते, आणि आपली बुद्धी त्या बंद दाराशी खटपट करते. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी माणसाच्या दोन पिढ्यांना वाचायची सवय लावली. ते ऋण मी मनापासून मानतो. पण त्यांच्या पुस्तकांतही, खुनी कोण या प्रश्नापेक्षा झुंजार त्या तळघरातून सुटेल ना, या काळजीने आमचे हात कापायचे. रहस्य कळले की संपते. टांगणीचे तसे नाही. ती कळल्यानंतर सुरू होते.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला दिला होता, तो आता सर्वांना पाठ आहे. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले नाही तर त्याला क्षणभर धक्का बसतो. आधी सांगितले तर टेबलाशी चाललेल्या साध्या गप्पाही त्याला सहन होत नाहीत. दाखला चोख आहे. मात्र जवळपास दीड हजार वर्षांपूर्वी कालिदासाने हेच करून ठेवले होते, आणि त्याने ते बॉम्बने केले नाही, एका मुलीच्या अंगठीने केले. तिथे मला थोडे थांबायचे आहे.

महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेची गोष्ट आहे. तिथे शाप नाही, अंगठीही नाही. राजाला सगळे आठवत असते. लोक काय म्हणतील म्हणून तो तिला नाकारतो आणि शेवटी आकाशवाणी होते तेव्हा स्वीकारतो. कालिदासाने 'शाकुंतल' नाटकात या गोष्टीत दुर्वासांचा शाप आणला. राजाची बाजू सावरण्यासाठी आणला असे आपल्याला शाळेत शिकवतात, आणि ते खरेही असेल. पण शाप त्याने कुठे ठेवला आहे ते पाहा. चौथ्या अंकाच्या अगदी आरंभी. शकुंतला पर्णकुटीत दुष्यंताच्या विचारात हरवली आहे. दुर्वास दाराशी येतात, तिला ऐकू जात नाही, पडद्यामागून शाप येतो. तो ऐकतात फक्त दोघी सख्या. त्यांतली प्रियंवदा धावत जाऊन विनवणी करते. ओळखीचा दागिना दाखवला की शाप सरेल, एवढा उतारा मिळतो. आणि दोघी ठरवतात की हे शकुंतलेला सांगायचे नाही, ती कोवळी आहे.

यानंतरचा संपूर्ण अंक हा मुलीच्या पाठवणीचा आहे. तो कारुण्यासाठी अजरामर झाला. कण्व गहिवरतात, हरिणाचे पाडस पदर ओढते, झाडेसुद्धा निरोप देतात. लहानपणी मला वाटे, माहेर सुटण्याचे दुःख ते एवढेच. पण नाट्यगृहात बसलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते आणि ती रंगमंचावर फक्त दोन मुलींना ठाऊक असते. कण्व आशीर्वाद देतात, तो प्रत्येक आशीर्वाद आपल्याला टोचतो. जाताना सख्या तिला जवळ घेऊन सांगतात, राजाने ओळखायला वेळ लावलाच तर अंगठी दाखव. ती चमकते. त्या म्हणतात, घाबरू नकोस, माया असली की उगीच शंका येतात. त्या क्षणी मी नेहमी खुर्चीत पुढे सरकून बसतो. सांगा ना तिला! पाचव्या अंकात भर दरबारात तिचा हात बोटाकडे जातो आणि बोट रिकामे असते. शचीतीर्थाच्या पाण्यात ती अंगठी निसटलेली असते.

कालिदासाने प्रेक्षकापासून काही म्हणता काही लपवले नाही. उलट नायिकेला जे माहीत नाही ते आपल्या हाती सोपवले आणि आपल्याला गप्प बसवले. मराठी संगीत नाटकाचा जन्मच या नाटकातून झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला, तो पहिल्या चार अंकांचा. सातही अंक नंतर रंगभूमीवर आले. शाप उच्चारला गेलेला, मुलगी सासरी निघालेली, अंगठी बोटात, आणि पडदा पडला. त्या रात्री नाट्यगृहातून घरी जाणाऱ्या प्रेक्षकांना पुढची कथा ठाऊकच होती. तरी त्यांच्या मनात काय चालले असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे.

आपल्या शास्त्रकारांनी याला नाव दिले होते. नाटकाच्या पाच अवस्थांतली मधली अवस्था प्राप्त्याशा. धनंजयाच्या दशरूपकात तिचे वर्णन असे आहे की फळ मिळण्याचा उपायही दिसतो आणि ते हातचे जाईल ही शंकाही राहते. काटा मध्ये थरथरतो आहे. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने विमर्श संधीची व्याख्या करताना शापासारख्या विघ्नाचा उल्लेख केला आहे. 'पाश्चात्त्य तंत्र' म्हणून आपण सस्पेन्सकडे बोट दाखवतो तेव्हा ही घरातली पेटी न उघडताच बोलत असतो.

टांगती तलवार मात्र खरोखर परकी. सिराक्यूजच्या राजाने डॅमोक्लिजच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाने तलवार टांगली होती, ही कथा सिसरोने सांगितली आणि इंग्रजीमार्गे ती आपल्या बोलण्यात मुरली. आपला त्रिशंकू मला जास्त जवळचा वाटतो. कोणत्याही पक्षाला बहुमत मिळाले नाही की इंग्रजी पत्रे विधानसभेला 'टांगलेली' म्हणतात आणि मराठी पत्रे 'त्रिशंकू'. ज्या कोणा उपसंपादकाला हा शब्द पहिल्यांदा सुचला, त्याला माझा नमस्कार.

हरिभाऊ आपट्यांचा दाखला दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. 'क्रमशः' हा तीन अक्षरांचा शब्द मराठी वाचकाच्या जिवाशी कायमचा बांधला गेला, त्यामागे अशाच कादंबऱ्या आहेत. त्या कादंबरीत यमू आपली कहाणी आपणच सांगते. ब्राह्मण घरातल्या विधवेचे काय होते हे त्या काळच्या प्रत्येक वाचकाला माहीत होते, घरोघरी ते घडत होते. नवरा गेला की न्हावी येणार. तरी अंक हातात पडला की घरात एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत, असे चित्र मी डोळ्यांपुढे आणतो. त्यांना काय होणार हे कळायला नको होते. ते होऊ नये असे वाटत होते. माहिती आणि इच्छा यांच्यातल्या त्या अंतरात यमूला लावलेला जीव लोंबत होता. या कादंबरीने समाजाचे काळीज हलवले ते तिच्यातल्या युक्तिवादामुळे कमी आणि या लोंबण्यामुळे जास्त, असे माझे मत आहे.

आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ साली आले. प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात पाच रूपे घेत, रंगमंच फिरत असे. कोर्टात उभा असलेला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हाच तो भामटा, हे प्रेक्षकाला माहीत असते. नाटकाचे नावच त्याचा नकार आहे. एकेक फसवली गेलेली बाई साक्षीला येते, तो शांतपणे नाही म्हणतो, आणि आपल्याला वाटत राहते की हा सुटतो की काय. इथे जीव आरोपीत अडकलेला नसतो, साक्षीदारांत असतो. ते नाटक हजारो प्रयोग चालले. शेवट माहीत असलेली माणसे पुन्हा पुन्हा तिकीट काढून येत होती.

ती का येत होती, याचे उत्तर मला गाण्यात सापडले. 'विलंबित' हाही त्या लम्ब् धातूचाच. विलंबित एकतालाची बारा मात्रांची आवर्तने गवई इतकी ताणतो की समेवर परत यायला मिनिटभर लागावे. सम कुठे आहे हे श्रोत्याला ठाऊक असते, तबलजीला ठाऊक असते. बोलआलाप घेत गवई दूर जातो, सम जवळ आली तरी तो तिकडेच, आणि मग मुखडा असा उचलतो की सगळ्या सभागृहाची मान एकदम खाली येते. ती मान आधी वर गेलेली असते, हे लक्षात घ्या. उत्कंठा म्हणजे अक्षरशः तेच. आणि आपल्या लग्नातला अंतरपाट? वधूवर समोरासमोर उभे, मध्ये हातभर कापड, मंगलाष्टके संपता संपत नाहीत. नवरा कोण, नवरी कोण, हे सगळ्या मांडवाला माहीत आहे. तरी शेवटच्या 'सावधान'नंतर अंतरपाट बाजूला होतो तेव्हा आयाबायांचे डोळे भरून येतात. ज्या कोणी पूर्वजांनी हे कापड मध्ये धरायची रीत घातली, त्यांना टांगणीचा अर्थ पुरता कळला होता.

गवयाच्या हातात सम आहे यावर आपला विश्वास असतो. भटजी अंतरपाट धरून ठेवणार नाहीत, यावरही असतो. दोरीचे दुसरे टोक ज्याच्या हाती आहे तो आपल्याला अलगद खाली उतरवणार, या भरवशावर आपण लोंबतो. तो भरवसा नसला की काय होते, त्याबद्दल बोलल्यावाचून आज मी खाली बसू शकत नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले. त्यांची पत्नी पार्वतीबाई यांनी ते मानले नाही. नवरा परत येईल या आशेवर त्या राहिल्या, सौभाग्याची चिन्हे त्यांनी उतरवली नाहीत. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे सरदार आणि फौजही गोळा झाली, आणि १७७६ साली त्याला मृत्युदंड झाला. आपण तोतयाच्या बंडाचा इतिहास राजकारण म्हणून वाचतो, न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिले. मी तो वाचताना वाड्यातल्या त्या बाईचा विचार करतो. मृत्यूची खात्री झाली असती तर तिला रडून मोकळे होता आले असते. आजही बोटीवरून न परतलेल्या खलाशाच्या घरी, हरवलेल्या मुलाच्या घरी हेच चालते. कायदा म्हणतो की सात वर्षे एखाद्याची काहीच खबर नसेल तर तो हयात नाही असे धरता येते. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, त्याला मी दोष देत नाही. त्या सात वर्षांत दारावर टकटक झाली की घरातले किती जण उठून उभे राहतात, एवढेच माझ्या मनात येते.

आणि तुरुंगातला कच्चा कैदी. केवढा नेमका शब्द आहे! त्याचा खटला प्रलंबित, गुन्हा सिद्ध झालेला नाही, सुटकाही नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. प्रत्येकाच्या मागे एक घर आहे, आणि त्या घरात कोणीतरी तारखेची वाट पाहते. तारीख पडते, पुढची तारीख मिळते. कथेतला विलंब लेखकाने मोजून घातलेला असतो. कचेरीतला विलंब बहुतेक वेळा कोणीच मोजलेला नसतो. फायल कोणाच्या तरी टेबलावर असते आणि त्या माणसाला दोरीचे टोक आपल्या हातात आहे याचा पत्ताही नसतो. दुष्टपणा मी समजू शकतो. हा विसर मला समजत नाही, आणि वय वाढेल तसा त्याचा राग जास्त येतो.

नानांचे असेच झाले. चौकशी अधिकारी नेमला गेला, त्याची बदली झाली, दुसरा नेमला गेला. सात महिन्यांनी एक निवृत्त हिशेबनीस बँकेत काही कामाला आले होते. कोणीतरी सहज त्यांच्या कानावर हे घातले. त्यांनी १,८०० ला नऊने भागून पाहिले. भाग गेला. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेल्याची शक्यता असते, हा जमाखर्चातला जुना ठोकताळा आहे. त्यांनी त्या दिवसाची भरणा चिठ्ठ्यांची चळत मागवली. ती चुकून दुसऱ्याच महिन्याच्या गठ्ठ्यात बांधली गेली होती. एका अडत्याने ५,७२० रुपये भरले होते. खतावणीत ते बरोबर चढले होते. नानांच्या हातून रोजकीर्दीत ७,५२० पडले होते. रोकड कधीच कमी नव्हती. शोधायला दुपारचे तीन तास लागले. सात महिने आणि तीन तास.

सस्पेन्स खाते बंद झाले, नाना कामावर रुजू झाले, राहिलेला पगारही मिळाला. त्यांनी कोणावर कधी राग धरला नाही. बदल एकच झाला. त्याआधी ते या वाचनालयातून माझ्या नावावर रहस्यकथा मागवून रात्री एका बैठकीत संपवत. शेवट आधी कळू नये म्हणून मागची पाने रबर लावून बांधून ठेवत. रुजू झाल्यानंतर पुन्हा पुस्तके आणू लागलो, तेव्हा ते आधी शेवटचे पान उघडायला लागले. त्यातली कितीतरी पाने गुरुजींच्या निळ्या अक्षरातली होती. ते पान शांतपणे वाचायचे, चष्मा पुसायचा, मग पहिल्या पानापासून सुरुवात करायची.

मला ते विचित्र वाटायचे. एका रात्री दिवे गेले होते, कंदिलाशी ते वाचत होते आणि मी अभ्यासातली काही शंका घेऊन त्यांच्याजवळ गेलो. पुस्तकाच्या मध्यावर कुठेतरी असतील. त्यांनी मान वर न करता हात पुढे करून मला थांबवले. बोट पानावर, श्वास रोखलेला.

'थांब जरा,' ते म्हणाले. 'तो विहिरीत अडकलाय. एवढा बाहेर येऊ दे.'